गाडी एका बाजूला का ओढते?
एका तक्रारीचा इतिहास

धुळे हे रस्त्यांच्या चौकात वसलेले शहर आहे. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा जुना रस्ता आणि सुरतेहून जळगावमार्गे नागपूरकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांना छेदतात. यांपैकी दुसऱ्या रस्त्याचा धुळे ते जळगाव हा भाग पारोळा, एरंडोलवरून जातो. त्याची लांबी सुमारे ९० किलोमीटर आहे. पूर्वी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ होता, २०१० सालच्या फेरक्रमांकनानंतर तो ५३ झाला. अशा रस्त्यांच्या कडेला असलेल्या गॅरेजांत एक तक्रार नेहमी ऐकू येते : "गाडी एका साइडला ओढते."

तक्रार साधी वाटते, पण तिच्याकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे असते. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे डावीकडे ओढणारी गाडी रस्त्याखाली उतरू शकते, तर उजवीकडे ओढणारी गाडी समोरून येणाऱ्या वाहनाच्या वाटेत जाते. शिवाय चालकाच्या हाताला या ओढीची लवकरच सवय होते. तो नकळत स्टीअरिंग थोडे उलट धरून चालवू लागतो आणि दोष वाढत गेला तरी त्याला कळत नाही.

या तक्रारीची कारणे अनेक आहेत आणि प्रत्येक कारणाला स्वतःचा इतिहास आहे. तो पाहिला, की कारण कसे शोधावे हेही उलगडते.

बैलगाडीपासून सुरुवात

खानदेशातील शेतकऱ्याला हा प्रश्न मोटार येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. बैलगाडीला दोन चाके आणि एक सरळ आस असते. तिला वळवतात ते बैल. एक बैल जोरकस आणि दुसरा अशक्त असला, तर गाडी अशक्त बैलाच्या बाजूला वळू लागते, कारण त्या बाजूची ओढ कमी पडते. जाणता धुरकरी यावर सोपा उपाय करतो. जू बांधताना तो बांधायची जागा जोरकस बैलाकडे थोडी सरकवतो. त्यामुळे अशक्त बैलाच्या वाट्याला जुवाचा लांब भाग येतो. बल आणि भुजेची लांबी यांचा गुणाकार दोन्हीकडे सारखा झाला, की गाडी सरळ चालते. पाठ्यपुस्तकातील तरफेचा नियम तो हाच.

याच गाडीच्या एका चाकाचा तुंबा वंगणावाचून कोरडा पडला, तर ते चाक जड फिरते आणि गाडी त्या बाजूला झुकते. म्हणजे ओढीची दोन कारणे बैलगाडीतच दिसतात : ओढणाऱ्या बलांतील फरक आणि अडवणाऱ्या बलांतील फरक. मोटारीची बहुतेक कारणे याच दोन गटांत बसतात. मोटारीने त्यांत तिसऱ्याची भर घातली : चाकांच्या दिशेतील फरक.

चार चाके आणि दोन खुंट्या

चार चाकी बग्गीत पुढची आस मधोमध एका खुंटीवर फिरत असे. वळताना सगळी आसच तिरपी होई आणि बग्गी उलटण्याची भीती असे. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन हे इंग्लंडमधील डॉक्टर होते. रुग्णांकडे जाण्यासाठी त्यांना खराब रस्त्यांवरून सतत बग्गीने हिंडावे लागे. १७५८-५९ च्या सुमारास त्यांनी वेगळी रचना सुचवली. आस स्थिर ठेवायची आणि पुढचे प्रत्येक चाक आसेच्या टोकाशी असलेल्या स्वतंत्र खुंटीवर वळवायचे. त्यांनी तिचे पेटंट घेतले नाही. पुढे म्युनिकमधील बग्गी बनवणारे गेऑर्ग लांकेनश्पेर्गर यांनी हीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली. १८१८ साली लंडनमध्ये त्यांच्या वतीने पेटंट घेतले ते रुडॉल्फ आकरमान यांनी. आकरमान प्रसिद्ध होते ते चित्रांचे प्रकाशक म्हणून, पण स्टीअरिंगच्या रचनेला नाव मिळाले ते त्यांचेच.

यात एक सुंदर भूमिती आहे. गाडी वळते तेव्हा आतले चाक लहान वर्तुळावर आणि बाहेरचे चाक मोठ्या वर्तुळावर फिरते. म्हणून आतले चाक जास्त कोनात वळले पाहिजे. यासाठी आस, चाकांना जोडलेल्या दोन छोट्या भुजा आणि त्यांना सांधणारा दांडा यांचा समद्विभुज समलंब चौकोन बनवतात. विद्यार्थ्यांनी पुठ्ठ्याच्या पट्ट्या व टाचण्या घेऊन तो करून पाहावा. दोन्ही कोन वेगवेगळे बदलताना स्पष्ट दिसतात.

कार्ल बेंझ यांच्या १८८६ सालच्या पहिल्या मोटारीला तीनच चाके होती. पुढची दोन चाके नीट कशी वळवावी याचे समाधानकारक उत्तर त्यांना तेव्हा मिळाले नव्हते. ते मिळाल्यावर १८९३ साली त्यांनी दोन खुंट्यांच्या स्टीअरिंगचे पेटंट घेतले आणि चार चाकी गाडी काढली. १८९६ साली फ्रान्सचे आर्थर क्रेब्स यांनी त्यात भर घातली. खुंटी किंचित मागे कललेली ठेवली, तर स्टीअरिंग सैल सोडताच चाके आपोआप सरळ होतात. सायकलचा पुढचा चिमटा असाच कललेला असतो. या कलाला कॅस्टर म्हणतात. समोरून पाहताना चाक उभ्या रेषेपासून जितके झुकलेले दिसते त्याला कॅम्बर, आणि वरून पाहताना दोन्ही चाकांची तोंडे जितकी आत वा बाहेर वळलेली असतात त्याला टो म्हणतात.

दोन्ही चाके स्वतंत्र झाली आणि त्याबरोबर दोघांत फरक पडण्याची शक्यताही आली. चाक खड्ड्यात जोराने आदळले, की एका बाजूचा कोन बदलतो. गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला, किंवा ज्या चाकाचा माथा जास्त बाहेर झुकला आहे त्या बाजूला ओढते. टोची गोष्ट वेगळी आहे. पुढची दोन्ही चाके दांड्याने सांधलेली असल्यामुळे टोमधील चूक दोघांत वाटली जाते. तिने टायर झिजतात, सरळ जाताना स्टीअरिंग वाकडे दिसू शकते, पण गाडी सहसा ओढत नाही. म्हणून केवळ टो जुळवून 'अलाइनमेंट झाले' असे म्हणणाऱ्याकडून तक्रार तशीच परत येते.

ब्रेकची बरोबरी

आरंभीच्या मोटारींना ब्रेक बहुधा मागच्याच चाकांवर असत. वेग वाढला तसे ते पुढेही आले. सळ्या आणि तारांनी ओढले जाणारे चार ब्रेक सारखे लावणे मोठे जिकिरीचे काम होते. एक सळी किंचित सैल असली, की ब्रेक दाबताच गाडी दुसरीकडे वळे. यावर उपाय मिळाला तो पास्कलच्या नियमातून. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखा पोहोचतो. माल्कम लॉकहीड यांनी तयार केलेले द्रवचलित ब्रेक १९२१ साली अमेरिकेतील ड्यूझेनबर्ग गाडीच्या चारही चाकांना बसवले गेले.

दाब सारखा झाला तरी घर्षण सारखे असेलच असे नाही. एका बाजूच्या लायनिंगला तेल लागले, तर तिकडचा ब्रेक धरत नाही आणि गाडी चांगल्या ब्रेकच्या बाजूला ओढते. येथे दोष डावीकडे आणि ओढ उजवीकडे असते. उलट एखादा पिस्टन अडकून ब्रेक सतत धरून राहिला, तर गाडी दोषाच्याच बाजूला ओढते आणि ते चाक तापते. जुने मेकॅनिक थोडी गाडी चालवून झाल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन उष्णता पाहतात, ती याचसाठी. मात्र हात लावू नये, ड्रम भाजण्याइतका तापलेला असू शकतो.

टायरचा शंकू

हवा भरलेला टायर डनलॉप यांनी १८८८ साली आणला. त्याबरोबर हवेच्या दाबातील फरक हे ओढीचे सर्वांत साधे कारणही आले. कमी हवेचे टायर जास्त दबते, त्याचा अडथळा वाढतो आणि गाडी तिकडे ओढते. खानदेशच्या उन्हाळ्यात याचा हिशेब नीट करावा लागतो. पहाटे २० अंश सेल्सिअसला ३० पौंड हवा भरलेले टायर तापून ६० अंशांवर गेले, तर? वातावरणाचा १४.७ पौंड दाब मिळवून ४४.७ ला ३३३/२९३ ने गुणावे आणि १४.७ पुन्हा वजा करावे. उत्तर सुमारे ३६ येते. गाडीची एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत उभी असेल, तर चांगल्या टायरांचेही आकडे जुळणार नाहीत. म्हणून हवा तपासावी ती गाडी चालवण्याआधी आणि सर्व टायर थंड असताना.

मिशलॅं कंपनीने १९४६ साली रेडिअल टायरचे पेटंट घेतले. आज भारतातील मोटारींना बहुतेक हेच टायर असतात. त्यांच्यातील पोलादी पट्टा बनवताना मध्यापासून किंचित सरकला, तर टायर बाहेरून ठीक दिसूनही शंकूसारखे वागते. वर रुंद व खाली निमुळता असा स्टीलचा पेला आडवा करून जमिनीवर घरंगळवावा. तो सरळ न जाता निमुळत्या बाजूकडे वळतो. टायरचेही तसेच होते.

त्याची परीक्षा सोपी आहे. पुढची डावी-उजवी चाके आपसांत बदलावीत. ओढण्याची बाजू बदलली, तर दोष टायरचा. बदलली नाही, तर तो अन्यत्र शोधावा. ज्या टायरांवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, ती मात्र त्याच बाजूच्या मागच्या चाकाशी बदलावीत.

रस्ताही ओढतो

गाडीत काही दोष नसतानाही ती ओढू शकते. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली देशातील रस्त्यांच्या विकासासाठी समिती नेमली गेली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीच्या शिफारशींनंतर १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था स्थापन झाली. रस्त्याचे प्रमाण काय असावे हे ती ठरवते. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याचा मध्य उंच आणि कडा खाली ठेवतात. डांबरी रस्त्याला हा आडवा उतार साधारण दोन टक्के असतो. म्हणजे सात मीटर रुंदीच्या रस्त्याचा मध्य कडेपेक्षा सात सेंटिमीटर उंच. अशा उतारावर १००० किलो वजनाच्या गाडीला कडेकडे ढकलणारे बल सुमारे २० किलो वजनाइतके असते.

तापीच्या खोऱ्यातील काळी कापसाची जमीन यात आणखी भर घालते. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. रस्त्याच्या कडांखाली हा बदल मध्यापेक्षा जास्त होतो. कडा खचली, की आखणीतले दोन टक्के तेथे राहत नाहीत.

आता एक कोडे. गाडी डावीकडे ओढते. दोष गाडीचा की रस्त्याचा? त्याच रस्त्याने परत आलो तर कळेल का? नाही. परतीच्या प्रवासातही आपण आपल्या डाव्या बाजूनेच चालणार आणि तेथेही उतार डावीकडेच असणार. वाऱ्याचे मात्र तसे नसते. धुळ्याहून मालेगावकडे दक्षिणेला जाताना पश्चिमेचा वारा उजवीकडून येऊन गाडीला डावीकडे ढकलतो. परतताना तो उजवीकडे ढकलतो. म्हणजे परतीच्या फेरीने वारा ओळखता येतो, रस्ता नाही. त्यासाठी सपाट, मोकळे मैदानच हवे.

या कोड्याला एक गंभीर बाजूही आहे. डावीकडे उतरत्या रस्त्यावर एखादी गाडी अगदी सरळ चालत असेल, तर ती निर्दोष असेलच असे नाही. तिच्यात उजवीकडे ओढण्याचा दोष असू शकतो आणि रस्त्याचा उतार तो झाकत असतो. सपाट पुलावर किंवा ओव्हरटेक करताना रस्त्याचा मध्य ओलांडताच हा आधार जातो. तेथे रस्ताच गाडीला उजवीकडे ढकलतो आणि समोरून वाहन येत असते.

शोधाचा क्रम

या सगळ्यावरून तपासणीचा क्रम ठरतो. आधी रस्ता आणि वारा वेगळे काढावेत. मग थंड टायरांतील हवा आणि टायरची झीज पाहावी. ओढ सतत असते की फक्त ब्रेक दाबल्यावर, हे नोंदवावे. फक्त ब्रेकच्या वेळी असेल, तर गाडी आधी ब्रेकसाठी दाखवावी आणि तोवर चालवू नये. सतत असेल, तर चाके तापतात का ते पाहून पुढची चाके बदलावीत. तरीही ओढ राहिली तर कॅस्टर आणि कॅम्बर मोजून घ्यावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, कारण दोन बदलल्या तर सुधारणा कशाने झाली ते कळत नाही.

क्रम उलटा केला तर काय होते? टायरच्या दोषामुळे ओढणाऱ्या गाडीचे कोन फिरवून ती सरळ केली, असे समजा. वर्षभराने टायर बदलले, की तीच गाडी आता दुसरीकडे ओढू लागते. तेव्हा एका दोषाच्या जागी दोन झालेले असतात.

प्रयोगशाळेत आपण विद्यार्थ्यांना सांगतो, की एक घटक बदला आणि बाकीचे स्थिर ठेवा. शाळेच्या पटांगणात एखादी गाडी उभी असेल, तर पुठ्ठ्याचा समलंब चौकोन, स्टीलचा पेला आणि हवेच्या दाबाचे गणित एवढ्या साहित्यावर हा पाठ घेता येतो. गावात बैलजोडी असेल, तर जू कुठे बांधले आहे हे मोजण्यासाठी एक फूटपट्टीही बरोबर घ्यावी.