पाणी निर्जंतुक करणारा दिवा : इतिहास आणि निगा

पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचे बटण दाबले की आतला दिवा लागतो आणि तोटीतून पाणी येऊ लागते. आज अनेक घरांत आणि शाळांत अशी यंत्रे दिसतात. दिव्याचा निळसर उजेड दिसला की पाणी निर्जंतुक झाले, असे आपण गृहीत धरतो. वास्तविक, जंतूंचा नाश करणारे अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत, आणि जो निळा उजेड दिसतो तो जंतूंचे फारसे काही बिघडवीत नाही. त्यामुळे दिवा लागलेला असूनही पाणी दूषित राहू शकते. हे कसे घडते, हे या दिव्याच्या इतिहासातून चांगले समजते.

उन्हापासून दिव्यापर्यंत

जांभळ्या रंगाच्या पलीकडेही न दिसणारे किरण असतात, हे जर्मन शास्त्रज्ञ योहान रिटर यांनी १८०१ साली दाखविले. या किरणांमुळे सिल्व्हर क्लोराइड काळे पडते, असे त्यांना आढळले. त्यानंतर १८७७ साली इंग्लंडमध्ये डाउन्स आणि ब्लंट यांनी एक साधा प्रयोग केला. जीवाणू वाढतील असे द्रावण त्यांनी परीक्षानळ्यांत भरले, काही नळ्या झाकल्या आणि काही उन्हात उघड्या ठेवल्या. झाकलेल्या नळ्यांतील द्रावण गढूळ झाले, उघड्या नळ्यांतील निवळ राहिले. वर्णपटाच्या निळ्या-जांभळ्या बाजूचा प्रकाश यात अधिक परिणामकारक ठरतो, हेही त्यांच्या लक्षात आले.

परंतु सर्वांत प्रभावी जंतुनाशक किरण उन्हातून आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत. वातावरणातील ओझोन ते शोषून घेतो. ते हवे असतील तर दिव्यातूनच मिळवावे लागतात. १९०१ साली अमेरिकेत पीटर कूपर ह्यूइट यांनी पाऱ्याच्या बाष्पाचा दिवा व्यवहारात आणला. साधी काच हे किरण अडविते, क्वार्ट्झ मात्र त्यांना आरपार जाऊ देते. म्हणून क्वार्ट्झच्या नळीतील पारददिवा तयार झाला, आणि १९१० साली फ्रान्समधील मार्सेय शहरात पिण्याच्या पाण्यावर त्याचा प्रयोग झाला. १९१६ साली अमेरिकेतील केंटकी राज्यात हेंडरसन या गावाने तो स्वीकारला.

वर्गातील ट्यूबलाइट ही याच दिव्याची बहीण आहे. तिच्यातही पाऱ्याचे बाष्प मुख्यतः २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण सोडते. आतून दिलेला पांढरा लेप त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो, आणि उरलेले किरण काच बाहेर पडू देत नाही.

पीछेहाट

तत्त्व बरोबर होते, प्रयोगही यशस्वी झाले होते. तरीही १९४० च्या सुमारास ही पद्धत जवळजवळ मागे पडली. त्या काळचे दिवे महाग होते, लवकर निकामी होत, आणि त्यांची देखभाल कटकटीची होती. दरम्यान १९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटीने पाण्यात क्लोरीन घालण्यास सुरुवात केली होती. क्लोरीन स्वस्त होता आणि त्याचा अंश नळातून घरापर्यंत पाण्यात टिकून राही. दिव्याखालून गेलेल्या पाण्यात मात्र असा कोणताही रक्षक मागे राहत नाही. अतिनील दिवा विज्ञानात हरला नाही, तो निगा राखण्यात हरला, असे आम्हाला वाटते.

जंतू मरतात कसे?

पद्धत अडगळीत पडत असतानाच तिचे मर्म उलगडत होते. १९२८ ते १९३० या काळात रॉकफेलर संस्थेतील फ्रेडरिक गेट्स यांनी कोणत्या तरंगलांबीने जीवाणू किती मरतात, हे मोजले. सर्वाधिक परिणाम २६० ते २७० नॅनोमीटरच्या आसपास होता, आणि आलेखाचा आकार प्रथिनांच्या शोषणापेक्षा न्यूक्लिइक आम्लाच्या घटकांच्या शोषणाशी अधिक जुळत होता. आनुवंशिकतेचे द्रव्य डीएनए आहे, हे अ‍ॅव्हरी यांनी १९४४ साली दाखविण्याच्या कितीतरी आधीचा हा संकेत होता. १९६० साली हॉलंडमध्ये बॉइकर्स आणि बेरेंड्स यांनी दाखविले, की या किरणांमुळे डीएनएतील शेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटतात. असे सांधे पुष्कळ झाले की डीएनएची प्रत निघत नाही आणि जंतूची संख्या वाढत नाही.

मात्र ही इजा भरूनही निघू शकते. दृश्य प्रकाशाच्या मदतीने काही जंतू ती दुरुस्त करतात, हे १९४९ साली अल्बर्ट केल्नर यांनी दाखविले. म्हणूनच किरणांची मात्रा पुरेशी असावी लागते.

पुनरागमन

१९७४ साली हॉलंडमधील योहानेस रूक यांनी क्लोरीन घातलेल्या पाण्यात क्लोरोफॉर्म तयार होतो हे दाखविले. १९९३ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीमुळे सुमारे ४ लाख लोक आजारी पडले. हा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही. अतिनील किरणांच्या थोड्या मात्रेनेही तो निष्प्रभ होतो, हे १९९० च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध झाले.

त्याच सुमारास भारतातही एक निमित्त घडले. १९९२ साली मद्रासमध्ये कॉलऱ्याच्या जंतूचा ओ१३९ हा नवा प्रकार आढळला आणि १९९३ मध्ये त्याने बंगाल व बांगलादेशात थैमान घातले. मुंबई विद्यापीठाचे पदवीधर आणि अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ अशोक गाडगीळ यांनी त्यानंतर एक उपकरण तयार केले. नेहमीच्या यंत्रात दिवा क्वार्ट्झच्या नळीत घालून पाण्यात बुडविलेला असतो आणि त्या नळीवर क्षारांचा थर साचतो. गाडगीळ यांनी दिवा पाण्यात न बुडविता वर टांगला आणि पाणी त्याच्या खालून उथळ तबकातून गुरुत्वाकर्षणाने वाहू दिले. मिनिटाला सुमारे १५ लिटर पाणी, आणि साफ करण्यास क्वार्ट्झची नळीच नाही! ज्या निगेपायी ही पद्धत हरली होती, नेमका तोच प्रश्न त्यांनी सोडविला.

आपल्या यंत्राचे काय?

घरगुती यंत्रात बहुधा क्वार्ट्झची नळी असतेच. तेव्हा निगा आपल्याकडे येते. मात्रा म्हणजे तीव्रता गुणिले वेळ. अमेरिकेतील एका मानकानुसार ती दर चौरस सेंटिमीटरला ४० मिलिज्यूल असावी लागते. किरणांची तीव्रता निम्मी झाली आणि पाण्याचा वेग तोच राहिला, तर मात्राही निम्मी होते. निळा उजेड मात्र तसाच दिसत राहतो.

तीव्रता तीन कारणांनी घटते. पहिले, दिवा जुना होणे. अशा दिव्याचे आयुष्य साधारणपणे ९,००० तास धरतात. अखंड चालू राहिल्यास हे ३७५ दिवस होतात. म्हणून दिवा लागत असला तरी उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत तो बदलावा. दुसरे, नळीवर थर साचणे. बोअरवेलच्या जड पाण्यात तो लवकर साचतो. वीज आणि पाणी बंद करून नळी काढावी व व्हिनेगरने पुसावी. चुनखडी आम्लात विरघळते, हे रसायनशास्त्र इथे उपयोगी पडते. तिसरे, गढूळ पाणी. गाळाच्या कणाआड जंतू लपतात, म्हणून दिव्याआधीची गाळणी वेळेवर बदलणे आवश्यक आहे.

लागलेल्या दिव्याकडे कधीही थेट पाहू नये, आणि पारा असल्यामुळे जुना दिवा फोडू नये. शुद्ध केलेले पाणी स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात ठेवून लवकर वापरावे. क्षार, फ्लोराइड किंवा कीटकनाशके या किरणांनी निघत नाहीत, हेही लक्षात असावे.

आमच्या प्रयोगशाळेत जंतुनाशक दिव्याच्या तासांची वही ठेवलेली असते. शाळेतील यंत्राशेजारी अशीच एक वही टांगता येईल. दिवा कधी बसविला, रोज किती तास चालला, नळी आणि गाळणी कधी साफ केली, याची नोंद विद्यार्थ्यांनी आळीपाळीने करावी आणि दिवा बदलण्याची तारीख स्वतः गणित करून काढावी. त्या यंत्राचे पाणी रोज तेच पितात.