ती एकटी बाजारात जाऊ लागते तेव्हा



छाती धडधडते, श्वास पुरत नाही, आता जीव जातोच असं वाटतं. ईसीजी काढावा तर सगळं ठीक. हा पॅनिक अटॅक. एकदा बाजारात आला की बाई बाजाराला भिते, मग एसटीला, मग उंबऱ्याबाहेरच्या सगळ्यालाच. डॉक्टरांनी यावर उपचार शोधले, तेव्हा घरातल्या नात्यांचं काय झालं, ते आज सांगते.

१८७० नंतर लगेचच बर्लिनचे डॉक्टर कार्ल वेस्टफाल यांनी मोकळ्या चौकात घाबरणाऱ्या तीन रुग्णांबद्दल लिहिलं. तिघेही पुरुष, बरं का! सोबत कुणी असलं की त्यांची भीती कमी व्हायची, हे त्यांनी तेव्हाच टिपलं होतं.

शंभर वर्षांनी इंग्लंडमध्ये उपचाराला येणाऱ्यांत बायकाच जास्त होत्या. उपचार साधा, पण कठीण. भीती वाटते तिथे थोडं थोडं जायचं, पळून न येता थांबायचं आणि भीती आपोआप उतरते हे अनुभवायचं. बायका बऱ्या होऊ लागल्या. पण १९७७ मध्ये ज्युलियन हाफनर यांनी या बायकांच्या नवऱ्यांबद्दल लिहिलं: बायको सुधारली तसे काही नवरे मात्र खचले. काही घरांत मत्सरही दिसला. मला यात नवल वाटत नाही. इतकी वर्षं ती त्याच्यावाचून पाऊल टाकत नव्हती. आता ती एकटी बसने जाते म्हटल्यावर त्याचं घरातलं कामच गेलं ना! अर्थात सगळीकडे असं झालं नाही. पुढच्या कितीतरी अभ्यासांत उपचारानंतर संसार बिघडलेले नव्हते, काहींचे सुधारलेच होते.

मग नवऱ्यांनाच उपचारात घ्यायचं ठरलं. अमेरिकेत डेव्हिड बार्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८ बायकांचे दोन भाग केले. एका भागातल्या बायका नवऱ्यासह यायच्या, दुसऱ्या भागातल्या एकट्या. १९८४ मध्ये निकाल छापून आला. नवऱ्यासह आलेल्या १४ जणींपैकी १२ जणींना गुण आला, एकट्या आलेल्या १४ पैकी ६ जणींना.

अशा उपचारात घरच्या माणसाला शिकावं लागतं ते एवढंच: झटका आला की तिला उचलून घरी आणायचं नाही, शेजारी शांत उभं राहायचं. आधी सोबत चालायचं, मग कोपऱ्यावर थांबायचं, मग घरीच बसून वाट पाहायची. हे शेवटचं त्याला सगळ्यात जड जातं.

कुणाला बोलायचं असेल तर टेली-मानसचा नंबर १४४१६. फोन मोफत आहे, मराठीत बोलतात.