पैठण

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. संभाजीनगरच्या दक्षिणेस सुमारे ५० किमी.वर, गोदावरीच्या उत्तर तीरावर वसले आहे. प्राचीन नाव प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असूनही इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराविषयीच्या ग्रीक ग्रंथात पैठणचा उल्लेख येतो. भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवरच्या या नगरातून मौल्यवान खडे गाड्यांवर लादून बंदरात जात. महाराष्ट्राच्या सागरी व्यापाराचा इतिहास पैठणला वगळून लिहिता येणार नाही.

मध्ययुगात येथील ब्रह्मवृंदाच्या निर्णयाला मोठे वजन होते. त्याच गावात संत एकनाथांनी (१५३३–१५९९) भागवताचा अर्थ मराठीत सांगितला आणि भारुडांतून तळच्या माणसाला बोलते केले. पैठणचे हे सर्वांत मोठे देणे होय.

येथील पैठणी साडीचे काठ-पदर हातमागावर असे विणतात, की दोन्ही बाजूंनी नक्षी सारखीच दिसते. या वस्त्राला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आज विणकरांचे मोठे केंद्र मात्र येवला आहे.

गावालगतच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली. लोकार्पण १९७६ मध्ये झाले. धरणाच्या नाथसागर जलाशयाने मराठवाड्याला पाणी दिले, पण त्यासाठी अनेक गावे बुडाली. जलाशयावर मासेमारी चालते. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात. १९८६ पासून हा जलाशय पक्षी अभयारण्य आहे.

फाल्गुन वद्य षष्ठीला, एकनाथांच्या समाधिदिनी, येथे नाथषष्ठीची यात्रा भरते.