मुंढव्याचा कागद

निगडीहून थेरगावाकडे गेले म्हणजे जी कागदगिरणी लागते, ती १९६४ सालची; परंतु तिच्या नावातील पदमजी घराण्याचा कागदाशी संबंध व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीपासूनचा आहे. गोणपाट व चिंध्या कुटून, लगदा धुऊन, ताव घोटून सिद्ध होणाऱ्या ज्या जुन्नरी कागदावर मराठेशाहीचे दप्तर लिहिले गेले, त्याची सद्दी विलायती यंत्रकागदाने संपुष्टात आणली, त्या काळात, १८८५ च्या सुमारास, मुळा-मुठेकाठी मुंढव्यास डेक्कन पेपर मिल्स ही कंपनी उभी राहिली. तिच्या कारभारात सरदार दोराबजी पदमजी अग्रभागी होते. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. इतक्या कर्तृत्ववान पुरुषाचे विस्तृत चरित्र मराठीत असावयास हवे. परंतु पुणेकरांची स्मरणशक्ती पेठांच्या वेशीबाहेर सहसा जात नाही.