कच्च्या अन्नाचा प्रयोग आणि त्याची नोंद

धानाच्या भंडारा जिल्ह्यात चुलीवाचून भाताची कल्पनाही करवत नाही. गांधीजींनी मात्र १८९३ साली प्रिटोरियात गहू, वाटाण्यांसह तांदूळही नुसते भिजवून खाल्ले. निरोगी देहासाठी चूलच वर्ज्य करण्याचा तो प्रयोग अशक्तपणामुळे थांबला. १९२९ साली साबरमतीस तो पुन्हा आरंभला. आमांश जडला, तोही सोडावा लागला. दोन्ही वेळचे अपयश त्यांनी स्वतःच छापून प्रसिद्ध केले. पुढे १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तिकेत काकडी, टोमॅटो, कोवळी पाने कच्ची, पण थोडीच खावीत, असा संयत निष्कर्ष आला. आहाराच्या प्रचारसाहित्यात यशाच्या कथा उदंड असतात; या लेखनाचे मोल फसलेल्या प्रयोगाच्या प्रामाणिक नोंदीत आहे.