शस्त्राचा हक्क, शब्दाचा हक्क आणि एकोणिसावे कलम

१८७८ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याच्या राजवटीत दोन कायदे झाले. मार्च महिन्यात देशी भाषांतील वृत्तपत्रांचा कायदा आला. त्याने मॅजिस्ट्रेटला मुद्रक आणि प्रकाशकाकडून मुचलका घेण्याचा, तो मोडला तर छापखाना जप्त करण्याचा अधिकार दिला, आणि त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय ठेवली नाही. इंग्रजी पत्रे यातून मोकळी होती. कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’ने या कचाट्यातून सुटण्यासाठी बंगाली सोडली आणि जवळजवळ रातोरात इंग्रजी रूप घेतले. दुसरा, त्याच वर्षाचा अकरावा कायदा, शस्त्रांचा. परवान्याशिवाय बंदूक बाळगणे किंवा हत्यार घेऊन फिरणे हा गुन्हा ठरला, आणि नियमांतून युरोपीयांना सूट मिळाली. एका कायद्याने भाषा पाहून भेद केला, दुसऱ्याने वंश पाहून. १८५७ नंतरच्या राज्यकर्त्यांना रयतेच्या हातातली बंदूक आणि रयतेच्या भाषेतले पत्र या दोहोंची सारखीच धास्ती होती.

वृत्तपत्रांचा कायदा फार टिकला नाही. तो लागू असतानाच, जानेवारी १८८१ मध्ये, पुण्यात ‘केसरी’ निघाला. वर्षभराने लॉर्ड रिपनने कायदा रद्द केला. पण वृत्तपत्रांवरची टांगती तलवार गेली नव्हती, कारण दंडसंहितेत १८७० पासून राजद्रोहाचे १२४-अ हे कलम होतेच. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर त्याच कलमाखाली खटला चालला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला समजावले की ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव. सरकारवर प्रेम नसणे एवढ्यावर गुन्हा उभा राहू शकेल, इतका हा अर्थ सैल होता. टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. कायद्यातला एक शब्द न बदलता निव्वळ अर्थ लावून हक्क किती आकुंचित करता येतो, याचे याहून ठळक उदाहरण भारताच्या इतिहासात सापडणे कठीण.

शस्त्रांचा कायदा मात्र टिकला आणि राष्ट्रीय चळवळीच्या मनात सलत राहिला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केला. अहिंसेचा आग्रह धरणाऱ्या गांधीजींनीही एका संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राज्याच्या कुकृत्यांत सर्वांत काळा मानला. १९३० च्या जानेवारीत त्यांनी मांडलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत ही एक होती. यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. ज्याला शस्त्र धरताच येत नाही त्याने ते खाली ठेवण्याला अहिंसा म्हणता येत नाही, अशी त्यांची धारणा होती. १९२८ च्या नेहरू अहवालात आणि १९३१ च्या कराची ठरावात मतस्वातंत्र्याबरोबर शस्त्र बाळगण्याचा हक्कही नागरिकाच्या मूलभूत हक्कांत लिहिला गेला. मात्र दोन्ही ठिकाणी तो नियमांच्या अधीन होता.

घटना समितीत हा प्रश्न डिसेंबर १९४८ च्या पहिल्या दोन दिवसांत आला. मसुद्याच्या तेराव्या कलमात, म्हणजे आजच्या एकोणिसाव्यात, शस्त्र बाळगण्याचा हक्क घालावा अशी दुरुस्ती हरि विष्णू कामत यांनी मांडली. आय. सी. एस. ची नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेलेले कामत कराचीचेच वचन मागत होते. पण कराची आणि या चर्चेच्या दरम्यान फाळणीची कत्तल झाली होती, आणि गांधीजींची पिस्तुलाने झालेली हत्या जेमतेम दहा महिन्यांपूर्वीची होती. डॉ. आंबेडकरांनी दुरुस्तीला विरोध केला. चोर आणि सराईत गुन्हेगार यांनाही हा हक्क द्यायचा का, असा त्यांचा सवाल होता. बाजारात जाऊन हवे ते हत्यार विकत घेण्याचा हक्क प्रत्येकाला असेल तर राज्याचा कारभार चालणार कसा? भर द्यायचाच तर हक्कावर न देता कर्तव्यावर द्यावा, देशावर संकट आले की राज्याने नागरिकाला शस्त्र धरायला बोलवावे, असे त्यांनी सांगितले. दुरुस्ती फेटाळली गेली. आंबेडकरांचा निर्णय बरोबर होता. परक्या सत्तेकडे मागितलेला हक्क आपल्या प्रजासत्ताकात जसाच्या तसा उतरवला पाहिजे, असे बंधन नव्हते. एकोणिसाव्या कलमात शस्त्र हा शब्द एकदाच येतो, आणि तोही नकारासह: शांततेने आणि शस्त्रांशिवाय एकत्र जमण्याचा हक्क. शिखांच्या कृपाणाला पंचविसाव्या कलमात वेगळी जागा मिळाली, ती धर्माचरणाचा भाग म्हणून.

याच चर्चेत कन्हैयालाल मुनशी यांच्या दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्याच्या निर्बंधांतून ‘राजद्रोह’ हा शब्द गळाला. टिळकांना ज्या शब्दाखाली तुरुंगात टाकले तो स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत आला नाही. दंडसंहितेत मात्र तो राहिला.

राज्यघटना लागू झाल्यावर चारच महिन्यांनी, २६ मे १९५० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉसरोड्स’ या डाव्या साप्ताहिकाला मद्रास सरकारने प्रांतात बंदी केली होती, तर दिल्लीच्या ‘ऑर्गनायझर’वर छपाईपूर्व तपासणी लादली होती. दोन टोकांची ही दोन पत्रे एकाच दिवशी जिंकली. न्या. पतंजली शास्त्रींच्या बहुमताने सांगितले की सार्वजनिक सुव्यवस्था आणि राज्याची सुरक्षितता या एक गोष्टी नव्हेत, आणि घटनेने सूट दिली आहे ती दुसरीला. न्या. फजल अली यांना हा फरक मान्य नव्हता. सरकारलाही नव्हता. जून १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे शब्द निर्बंधांत घातले गेले. पण त्याच दुरुस्तीने निर्बंधांना ‘वाजवी’ हे विशेषणही जोडले, आणि निर्बंध वाजवी आहे की नाही हे तपासण्याचे काम न्यायालयांकडे गेले. या एका विशेषणाने नागरिकाला पुढे जितके संरक्षण दिले, तितके त्या दुरुस्तीच्या विरोधकांनाही तेव्हा वाटले नसावे.

राजद्रोहाच्या अर्थावरही न्यायालये आधीच विभागली होती. १९४२ साली फेडरल कोर्टाचे सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांनी अव्यवस्थेची प्रवृत्ती हा गुन्ह्याचा गाभा मानला, तर १९४७ साली प्रिव्ही कौन्सिलने मुंबई प्रांतातील भालेराव खटल्यात तो अर्थ नाकारून टिळक खटल्याचा अर्थ पुन्हा उचलून धरला. १९६२ मध्ये केदारनाथ सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२४-अ वैध ठरवले, पण ग्वायरांचा अर्थ घेऊन: हिंसेची चिथावणी किंवा सुव्यवस्था बिघडवण्याचा हेतू नसेल, तर सरकारवरची कडक टीकाही गुन्हा नाही.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरला १९५९ चा शस्त्र कायदा अमलात आला आणि लिटनचा कायदा संपला. परवान्याची पद्धत मात्र तशीच राहिली. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेच्या राज्यघटनेशी असलेला फरक दाखवून स्पष्ट केले की भारतात शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही. १२४-अ ला त्याच न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगित केले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राजद्रोह हा शब्द नाही. देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी तिथे १५२ वे कलम आहे, आणि त्यातल्या शब्दांचा अर्थ आता न्यायालयांना लावायचा आहे.