आरपीई ६५

पहिल्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरील मानवी जनुक. यात दोष असला की लेबरचे जन्मजात अंधत्व किंवा लहानपणीच सुरू होणारा दृष्टिपटलाचा ऱ्हास उद्भवतो. असे मूल दिव्याकडे टक लावून बघते, तिन्हीसांजेला ठेचकाळते, अंधारात आईचा पदर सोडत नाही.

दृष्टिपटलामागच्या रंगद्रव्यपेशींच्या थरात या जनुकापासून ५३३ अमिनो आम्लांचे प्रथिन तयार होते. प्रकाश पडला की डोळ्यातील अ जीवनसत्त्वापासून बनलेला वाकडा रेणू सरळ होतो आणि मेंदूकडे संदेश जातो. सरळ झालेला रेणू पुन्हा वाकवणे हे या प्रथिनाचे काम. ते अडले की शरीरात अ जीवनसत्त्व भरपूर असूनही डोळ्याला उपयोगी पडत नाही. म्हणूनच आहारातील कमतरतेचा रातांधळेपणा अ जीवनसत्त्वाच्या डोसाने काही दिवसांत हटतो, हा मात्र हटत नाही. डोस देऊनही फरक नसेल तर तिथेच थांबणे मुलावर अन्याय करणारे आहे. दृष्टिपटलाचा विद्युत आलेख आणि रक्तावरून जनुकतपासणी करायलाच हवी.

दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच आजार होतो. दोघांची दृष्टी चांगली असते, पण प्रत्येक गरोदरपणात बाधित मुलाची शक्यता ४ त १ राहते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची महाराष्ट्रातील रीत इरावती कर्वे यांनी ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (१९५३) मध्ये नोंदवली आहे. आते-मामे भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुके सामाईक असल्याने अशा घरात हा धोका वाढतो. बारामती, इंदापूरकडे सोयरीक जुळवताना नात्यात कुणाला लहानपणापासून रात्री दिसत नसेल, तर ते मोकळेपणाने सांगावे. दोष एकट्या सुनेच्या माथी मारणे शास्त्राला धरून नाही.

नागपूरजवळच्या खेड्यांतील तिशीपुढच्या लोकांच्या पाहणीत दृष्टिपटलाचा रंजित ऱ्हास सुमारे ७५० त १ आढळला. जगाचे प्रमाण साधारण ४,००० त १ मानतात. त्यामागे अनेक जनुके असतात, आरपीई ६५ चा वाटा त्यात लहान आहे.

तरीही या जनुकाला वेगळे महत्त्व आहे. त्यातील दोष आणि अंधत्वाचा संबंध १९९७ मध्ये सिद्ध झाला. हाच दोष जन्मतः असलेल्या ब्रियार्ड जातीच्या कुत्र्यांना निरोगी जनुक टोचून दिसू लागल्याचे २००१ मध्ये जाहीर झाले. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेने माणसांसाठी हा उपचार मान्य केला: निरुपद्रवी विषाणूतून जनुकाची निर्दोष प्रत दृष्टिपटलाखाली सोडतात. तेव्हा दोन्ही डोळ्यांच्या उपचाराची किंमत साडेआठ लाख डॉलर होती, म्हणजे आपल्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर. उपचार फक्त जिवंत पेशींवरच चालतो. म्हणून मोठ्या भावंडात निदान झाले की धाकट्याची तपासणी लगेच करावी.